हरित वीजदर: जादा पैशांत नेमके काय मिळते?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये घरगुती ग्राहकांनाही हरित विजेचा, म्हणजे सूर्य-वारा अशा अपारंपरिक स्रोतांपासूनच्या विजेचा, पर्याय खुला केला. तेव्हाच्या आदेशानुसार नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे, म्हणजे महिना २०० युनिट वापरणाऱ्या घराला १३२ रुपये जादा, आणि त्याबदली शंभर टक्के अपारंपरिक विजेचे प्रमाणपत्र. घरात येणारी वीज मात्र तीच, कारण तारेत कोळशाची आणि सूर्याची वीज वेगळी राहत नाही. (शेजाऱ्यांना हे पटवताना माझा चहा निवला.) खरा प्रश्न हिशेबाचा आहे. वीज कंपनीवर अपारंपरिक वीजखरेदीचे बंधन मुळातच असते; त्यामुळे आपण जादा पैसे मोजलेले युनिट त्या बंधनातच धरले जातात की त्याहून अधिक खरेदी होते, हे लेखी विचारावे. योजना सोयीची आहे, तरी गच्ची स्वतःची असल्यास मी आधी सौर पॅनेल बसवीन.