आंब्याच्या मोहोरावरचे कीटक: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

कृषी शाखेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, मोहोरावरचे परागवाहक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू की डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं) करू?

खर्चात सूक्ष्मदर्शक स्वस्त, पण जाणकार माणूस हवा. बारकोडिंगला दर नमुन्यामागे पैसे मोजावे लागतात.

खरा फरक अचूकतेत. आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्या नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. मोहोरावर मात्र बऱ्याचदा साध्या माश्यांची गर्दी असते आणि त्यांच्या जाती वेगळ्या करणं भल्याभल्यांना जड जातं. तिथे जातीगणिक बदलणाऱ्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा कामी येतो. एक पाय पुरतो, बाकी कीटक टाचणीवर शाबूत राहतो. पण जुळवायला संदर्भसंग्रहात (ओळखलेल्या जातींच्या बारकोडच्या साठ्यात) ती जात आधी नोंदलेली हवी. आपल्याकडच्या कितीतरी जाती तिथे अजून नाहीत, याची मला फार खंत वाटते.

डीएनएसाठी नमुना तीव्र अल्कोहोलमध्ये, थंड जागी ठेवा. फॉर्मॅलिन अजिबात नको.

बागेत कोणत्या मधमाश्या येतात एवढंच हवं असेल, तर सूक्ष्मदर्शक पुरे. माश्यांच्या जातींवर प्रबंध असेल, तर आधी रूपावरून गट पाडा आणि प्रत्येक गटातल्या मोजक्या नमुन्यांचंच बारकोडिंग करा.