मऊ स्प्रिंगच्या नावाखाली मिळाली कापलेली स्प्रिंग

पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या आणि ऑफ-रोड गाडी चालवणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. ‘हलक्या रायडरसाठी सस्पेन्शन सेट करून देतो’ म्हणणारा कोणी भेटला, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

माझं वजन ५२ किलो, गाव अचलपूर तालुक्यातलं. संत्र्याच्या बगिच्यापर्यंत पांदणीनेच जावं लागतं. सवड मिळाली की सापन नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून गाडी न्यायची, हा आम्हा मित्रांचा नाद. गाडी म्हणजे हिरोची एक्सपल्स २०० मोटरसायकल. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली जाण्याची जागा, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर. गाडीत खोट काहीच नाही. माझा ऐंशी किलोचा मावसभाऊ तीच गाडी त्याच गोट्यांवरून आरामात काढतो. मी बसलो की मात्र प्रत्येक गोटा मणक्याला कळतो, कारण ती स्प्रिंग माझ्या वजनाने पुरेशी दबतच नाही. मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवलीय ते, सर्वात कमी करून पाहिला, थोडा फरक पडला. पण प्रीलोडने स्प्रिंग मऊ होत नसते, गाडी किती उंच उभी राहते तेवढंच बदलतं. मऊपणा हवा असेल तर स्प्रिंगच दुसरी लागते.

हे मला माहीत होतं आणि ज्याने मला फसवलं त्या शहरातल्या सस्पेन्शनवाल्यालाही. त्याचे व्हिडिओ मोबाईलवर सारखे येत होते. फोन केला तर बोलणं एकदम गोड. “दादा, तुमच्या वजनाची स्प्रिंग वेगळी येते, बाहेरून मागवा लागते. पाय बी टेकतीन अन् गाडी लोण्यावानी चालन.” पुढच्या-मागच्या स्प्रिंगा, फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) मधलं ऑइल आणि मजुरी मिळून चौदा हजार ठरले. निम्मे आधीच यूपीआयने घेतले. जुन्या स्प्रिंगा परत पाहिजेत म्हटलं, तर म्हणे त्या एक्सचेंजमध्ये जातात, म्हणून तर एवढ्यात बसतं. बिलाचं विचारलं, तर “जीएसटी लागन, कायले पैसे वाढवता?”

गाडी हातात आली तेव्हा मागे चकचकीत पिवळी स्प्रिंग, तिच्यावर इंग्रजी स्टिकर. सीट खाली आलेली, माझे दोन्ही पाय जमिनीवर. हँडल दाबून दाखवलं, फोर्क झपकन खाली गेला. बुटक्या आणि हलक्या माणसाला आणखी काय पाहिजे? त्याची सगळी कारागिरी याच दोन गोष्टींवर उभी होती: पाय टेकले पाहिजेत आणि दुकानात हाताने दाबल्यावर मऊ लागलं पाहिजे. उरलेले सात हजार दिले.

नदीच्या पात्रात मात्र गाडी पहिल्यापेक्षा वाईट. लहान गोट्यांवर मागून फटके, मोठ्या खड्ड्यात शॉक थेट तळाला. पुढचं चाक गोट्यावरून उतरलं की टणटण उड्या मारत सुटायचं. मागचं चाक हवेत गेलं की आतून खडखड यायची.

गाडी त्याच्याकडे नेण्याआधी मी मापं वहीत लिहून ठेवली होती, तीच पुढे कामी आली. मापायची रीत सोपी आहे, फक्त दोन माणसं मदतीला घ्या. गाडी उचलून मागचं चाक अधांतरी ठेवायचं आणि एक्सलपासून सरळ वर फेंडरवरच्या एका खुणेपर्यंत टेप लावायचा. मग गाडी जमिनीवर उभी करून तेच माप, आणि शेवटी हेल्मेट-बुटांसकट आपण वर बसून तेच माप. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते कळतं, पहिल्यातून तिसरं वजा केलं की आपल्यासकट किती बसते ते. याला सॅग म्हणतात. आपल्यासकट बसणं साधारण ट्रॅव्हलच्या एक-तृतीयांश असावं, म्हणजे १७० मिलिमीटरला पन्नास-पंचावन्न.

माझ्या वहीतलं जुनं माप: नुसती गाडी १२, माझ्यासकट ३५. नवीन माप: नुसती गाडी ३१, माझ्यासकट ५२. वरवर पाहिलं तर ५२ म्हणजे काम झकास झालं. पण दोन्हींतला फरक पाहा. पूर्वी माझ्या वजनाने गाडी २३ मिलिमीटर दबायची, आता २१. प्रीलोडचा या फरकावर फारसा परिणाम होत नाही, तो स्प्रिंगचा स्वभाव असतो. खरंच मऊ स्प्रिंग बसवली असती, तर हा आकडा वाढला असता. इथे तो कमी झाला, म्हणजे स्प्रिंग आधीपेक्षा कडक आहे.

परतवाड्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे शॉक उघडला. त्यांनी स्प्रिंग हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, “बापू, हे बाहेरून आलेलं नाई. हे तुईच स्प्रिंग हाय, एक येढा कापला हाय तिचा.” कारखान्यातल्या स्प्रिंगचं टोक घासून सपाट केलेलं असतं. इथे एका बाजूला ग्राइंडरची तिरपी खूण होती आणि पिवळा रंग नखाने निघत होता. खाली मूळचा रंग तसाच. पुढच्या फोर्कमध्येही तेच. तिथल्या स्प्रिंगा कापून, कमी पडलेली लांबी भरायला पीव्हीसी पाइपचे तुकडे घातले होते. जड माणसासाठी फोर्क कडक करायची ही जुनी गावठी युक्ती, आणि माझ्याकडून मऊ करायचे पैसे घेतले होते! ऑइल मात्र पातळ भरलं होतं, म्हणून दुकानात हँडल दाबल्यावर झपकन खाली जायचं.

तारेची जाडी आणि वेढ्याचा घेर तोच ठेवून वेढे कमी केले, तर स्प्रिंग कडक होते. सात कामाच्या, म्हणजे खरोखर दबणाऱ्या वेढ्यांतला एक कापला तर जवळपास सतरा टक्के. लांबी कमी झाल्यामुळे गाडी खाली बसते आणि पाय टेकतात, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. खाली बसलेल्या गाडीला दबायला जागा कमी उरते, म्हणून खड्ड्यात तळ लागतो. चाक हवेत गेलं की तोकडी स्प्रिंग सैल पडते, ती खडखड त्याची. तिरप्या टोकामुळे शॉकच्या दांड्यावर एका बाजूने जोर येतो आणि सील लवकर जातं, हे मिस्त्रींनी दाखवलं. माझ्या शॉकमधून तेल पाझरायला लागलंच होतं.

तर कोणाकडेही काम द्या, पण जुन्या स्प्रिंगा घरी न्यायच्या हे आधीच ठरवा. तुमचीच वस्तू आहे, आणि ती तुमच्या हातात आली की कापायला त्याच्याकडे काही उरत नाही. नवीन स्प्रिंगचा रेट, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो, तो किलो किंवा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर गाडी वळवा.

त्या सस्पेन्शनवाल्याला फोटो पाठवले, तर आधी “तुमच्या मिस्त्रीनंच कापलं असन” म्हणाला, मग नंबर ब्लॉक केला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि तिथून काही हललं नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चॅट आणि उघडलेल्या शॉकचे फोटो जोडले आहेत.

नोटीस गेल्यावर दुसऱ्याच नंबरवरून त्याचा फोन आला. सात हजार घ्या अन् विषय मिटवा, म्हणे. मी चौदा हजार आणि नव्या शॉकचे पैसे मागितले आहेत. कापलेल्या स्प्रिंगा आणि पाइपचे तुकडे पोत्यात बांधून मिस्त्रींच्या दुकानातच ठेवलेत, तारखेला लागतील म्हणून.