कसोटीतले महान मोजायचे कशाने: साधं ॲव्हरेज, आयसीसी रेटिंग की एरा ॲडजस्टेड?

ऑल टाइम टेस्ट इलेव्हन काढायची, पण "आमच्या वेळचा खेळच वेगळा होता" या पातळीवर न भांडता आकड्यांनी भांडायचं असं एकदा ठरवलं की हाताशी मुख्यतः तीन मोजमापं असतात. एक आपलं साधं करिअर ॲव्हरेज. दुसरं आयसीसीचं रेटिंग, म्हणजे त्यातला त्या खेळाडूचा करिअर बेस्ट पॉइंट्सचा आकडा, कारण जुन्या-नव्यांच्या वादात लोक तोच पुढे करतात. आणि तिसरं एरा ॲडजस्टेड ॲव्हरेज, म्हणजे त्याच्या काळात बाकीचे जेवढे रन करत होते त्या मानाने हा किती करत होता. मी तिन्ही बऱ्यापैकी वापरून झालोय, वाद घालायला पण आणि स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये पण, त्यामुळे ज्याला यातलं एक निवडायचंय त्याला थोडी मदत व्हावी एवढाच हेतू. ब्रॅडमन तिन्हीकडे पहिलाच येतो, त्याच्यासाठी ही डोकेफोड करायची गरज नाही. भांडण सगळं दोन नंबरपासून खाली आहे.

साध्या ॲव्हरेजचं चांगलं म्हणजे ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रन भागिले किती वेळा आउट, संपलं. एकाच काळातले आणि भरपूर खेळलेले दोन बॅट्समन असतील तर फार पुढे जायची गरजही नाही, लारा ५२.८८ आणि द्रविड ५२.३१, ठीक आहे, दोघं एकाच पंगतीत बसतात, पुढचं आपापल्या आवडीवर. गडबड होते काळ बदलला की. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा व्हिक्टर ट्रंपर ३९.०४ वर आहे आणि नुसता हा आकडा बघून आजचा पोरगा त्याला टीममध्ये पण घेणार नाही, पण तो खेळला ती पिचेस उघडी असायची, पाऊस पडला की त्यावर उभं राहणं मुश्किल, आणि त्या काळात ३९ म्हणजे खूप होतं.

आणि मग ते नॉट आउटचं प्रकरण. ॲडम व्होजेसचं ॲव्हरेज ६१.८७ आहे, म्हणजे हॅमंड, सोबर्स, सचिन सगळ्यांच्या वर. पण वीसच टेस्ट, आणि त्यात २०१५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने ५४२ रन केले आणि आउट झाला फक्त एकदा, म्हणजे त्या टीमविरुद्ध ॲव्हरेज ५४२! ते बाजूला काढलं तर उरलेल्याचं ४१ येतं. व्होजेस वाईट होता असं नाही हो, चांगलाच होता, पण ॲव्हरेजला समोर कोण बॉलिंग टाकतंय याचं काही घेणंदेणं नसतं, एवढंच.

रेटिंग याच दुखण्यावर आलं. १९८७ मध्ये टेड डेक्स्टरच्या डोक्यातून निघालेली ही आयडिया, तेव्हा डिलॉइट रेटिंग म्हणायचे, आणि नंतर तीच पद्धत मागच्या जुन्या टेस्टनाही लावली गेली, म्हणून तर आज आपल्याला हॉब्जचे ९४२ वगैरे बघायला मिळतात. यात समोरची बॉलिंग किती तगडी होती ते मोजतात, मॅचमध्ये एकूण रन किती झाले ते बघतात, टीम जिंकली तर थोडं जास्त देतात, ताज्या इनिंगला जास्त वजन आणि जुनी हळूहळू मागे पडत जाते. नव्या माणसाला लगेच पूर्ण पॉइंट्स देत नाहीत, साधारण ४० इनिंग होईपर्यंत थोडे कापतात, त्यामुळे व्होजेससारखा प्रकार तिथे एवढा होत नाही. हिशोब म्हणून बघितलं तर खरं सांगतो, माझ्या शीटपेक्षा हे कितीतरी हुशार काम आहे. आज जगात सगळ्यात फॉर्ममध्ये कोण आहे असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून रेटिंग उघडतो.

पण हेच काळाकाळाच्या तुलनेला वापरायला गेलं की एक गोष्ट मला इतकी खटकायला लागली की शेवटी त्याच एका गोष्टीवर मी रेटिंग सोडलं. ऑल टाइम यादीत जो आकडा असतो तो करिअरचा नसतो, करिअरमधल्या सगळ्यात उंच दिवसाचा असतो.

२०१८ चा ऑगस्ट घ्या. कोहली एजबॅस्टनला १४९ आणि ५१ करतो, रेटिंग जातं ९३४ वर. पुढची लॉर्ड्सची टेस्ट, २३ आणि १७, रेटिंग ९१९. त्याच्या पुढची ट्रेंट ब्रिज, ९७ आणि १०३, रेटिंग ९३७. माणूस तोच, दौरा तोच, एकाच महिन्यातल्या तीन टेस्ट. आता यादीत कायमचं काय छापलं गेलं, तर ९३७. आणि भारतीयांच्या यादीत पहिला कोहली ९३७, मग गावसकर ९१६, मग सचिन ८९८, मग द्रविड ८९२. गावसकरचे ९१६ पण असेच, १९७९ ला ओव्हलवर १३ आणि २२१ केले तेव्हा तो ८८७ वरून एका टेस्टमध्ये ९१६ वर गेला. म्हणजे ती २२१ ची इनिंग पावसात वाहून गेली असती तर कदाचित सचिन वर राहिला असता, आणि ओव्हलच्या आकाशावर गावसकर मोठा की सचिन हे ठरायचं असेल तर मग कठीण आहे.

मी कोहलीच्या विरोधात अजिबात नाही, ते जे काही सीझन होते ते बघायला मिळाले हे आपलं नशीब. पण त्याचं करिअर संपलं ४६.८५ वर, सचिनचं २०० टेस्ट आणि चोवीस वर्षांनंतर ५३.७८ वर, आणि सचिनने ९०० कधीच ओलांडले नाहीत म्हणून तो हेडनच्या ९३५ च्या, लाराच्या ९११ च्या खाली. यादी बघणारा म्हणतो बघा, सचिन पहिल्या वीसात पण नाही. अरे पण ती यादी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतेय! किती उंच उडी मारली याचं उत्तर आहे ते, तिथे वर किती वर्षं राहिला याचं नाही. ॲव्हरेजमध्ये निदान वाईट वर्षं पण मोजली जातात, इथे पीक गाठल्यानंतरची सगळी वर्षं हिशोबातच नाहीत, त्यानंतर वाट्टेल तसं खेळा, छापलेला आकडा कमी होणार नाही.

बॉलर्सचं पण तेच. फिलँडर ९१२, मार्शल ९१०. फिलँडर मला आवडायचा, सीमवर चेंडू पाडण्यात त्याच्यासारखे कमीच, पण मार्शलच्या वर? ३७६ विकेट २०.९४ ने, म्हणजे विकेटमागे फक्त एवढेच रन देऊन, घेतलेल्या माणसाच्या? आणि सगळ्यात वर बार्न्स ९३२ आणि त्याला खेटून लोहमन ९३१. लोहमनच्या ११२ विकेट १०.७५ च्या ॲव्हरेजने आहेत, त्यातल्या ३५ एकट्या १८९६ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातल्या, तीन टेस्टमध्ये, ५.८० ने, आणि तेव्हाची ती आफ्रिकेची टीम टेस्ट लेव्हलची होती असं मनावर घेणं जरा अवघडच. समोरची टीम कच्ची असली की पॉइंट्स कापतात हे मान्य, पण किती कापले हे आपल्याला पडताळून बघता येत नाही. आकडा येतो, मानायचा.

तर एरा ॲडजस्टेड. यात मोठं विज्ञान नाही. साधं उदाहरण एकाच मॅचचं देतो. बंगलोर १९८७, पाकिस्तान ११६ आणि २४९, आपण १४५ आणि २०४, आपण १६ रननी हरलो. एकूण ७१४ रन आणि ४० विकेट, म्हणजे एका विकेटमागे जेमतेम १८, हा त्या मॅचचा भाव. त्यात गावसकरचे शेवटच्या इनिंगमध्ये ९६, म्हणजे त्या मॅचच्या भावाच्या पाचपटीहून जास्त. आता मोटेरा २००९, आपण ४२६, श्रीलंका ७ बाद ७६०, आपण परत ४ बाद ४१२. १५९८ रन, २१ विकेट, विकेटमागे ७६. त्यात सात जणांनी सेंच्युरी ठोकल्या, सचिनची नाबाद १०० पण त्यातलीच, ती त्या मॅचच्या भावाच्या साधारण सव्वा ते दीड पट. साध्या ॲव्हरेजला १०० हे ९६ पेक्षा मोठे, वरून नॉट आउटचा फायदा वेगळा. हे असं एका मॅचवर ताणलं की विचित्र दिसतं, कबूल, पण पूर्ण करिअरवर पसरलं की टोकं बोथट होतात आणि जे उरतं ते मला तरी पटण्यासारखं वाटतं. गावसकर वर सरकतो, २००० नंतरच्या पाटा पिचेसवर पन्नाशी ओलांडलेले बरेच जण थोडे खाली येतात, सचिन जिथे आहे तिथेच साधारण राहतो कारण त्याने नव्वदचं बॉलर्सचं दशक पण खाल्लं आणि पुढचं बॅट्समनचं पण, आणि ट्रंपरला बसायला जागा मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात करिअरचा प्रत्येक रन आणि प्रत्येक शून्य मोजलं जातं.

याची पण दुखणी आहेत, नाही असं नाही. तुलना कुणाशी करायची हाच मोठा घोळ. दोन्ही टीम्सचे मिळून रन धरले तर व्हिव्ह रिचर्ड्सचा फुकट फायदा होतो, कारण समोरच्यांना मार्शल, होल्डिंग, गार्नर खेळावे लागले आणि त्याला टेस्टमध्ये ते कधीच खेळावे लागले नाहीत, समोरच्यांचा स्कोअर पडला की मॅचचा भाव पडतो आणि हा आपोआप उंच दिसतो. बरं म्हणून फक्त स्वतःच्या टीमच्या बाकी बॅट्समनशी तुलना करावी, तर उलटा मार बसतो, ग्रीनिज, हेन्स, लॉइड बरोबर असले की तुम्ही किती वेगळे दिसणार? आणि कमजोर टीमचा एकटा चांगला बॅट्समन मग देवासारखा दिसायला लागतो. मी दोन्ही काढतो आणि मधलं धरतो, हे काही शास्त्र नाही, माझी सोय आहे. दुसरं असं की एखाद्या काळात एकंदर दर्जाच कमी असेल, खेळणारे देश कमी, हौशी खेळाडू जास्त, तर चांगला माणूस इतरांपेक्षा फार पुढे दिसतो, आणि ॲडजस्टेडला हे कळत नाही. हा मुद्दा कुणी काढला तर मी गप्प बसतो, कारण तो बरोबर आहे. पण तो मुद्दा बाकी दोघांना पण लागू होतोच की.

ऑलराउंडरचं मात्र तिन्हीत समाधान नाही. लोक बॅटिंग ॲव्हरेजमधून बॉलिंग ॲव्हरेज वजा करतात, तसं केलं की सोबर्स २३.७५, कॅलिस २२.७२, इम्रान १४.८८ आणि आपला कपिल १.४१! ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्या टोकाला धड फास्ट बॉलर नसताना आपल्या पिचेसवर एकट्याने मान मोडून बॉलिंग टाकली त्याला १.४१. इथे आयसीसीची पद्धत मला जास्त शहाणी वाटते, ते बॅटिंग आणि बॉलिंगचे पॉइंट्स गुणतात आणि हजाराने भागतात, त्यामुळे एक बाजू अगदीच लंगडी असली की आकडा पडतो आणि नुसता बॅट्समन ऑलराउंडर म्हणून घुसत नाही. ज्याला फक्त ऑलराउंडरचीच यादी करायचीय त्याने बिनधास्त रेटिंग घ्यावं.

बाकी बॅट्समन आणि बॉलर्सना, वेळ असेल आणि शीट भरायचा कंटाळा नसेल तर, ॲडजस्टेड. कंटाळा असेल तर साधं ॲव्हरेज आणि शेजारी तो कुठल्या दशकात खेळला ते लिहा, तेवढ्यानेही बरंच भागतं. रेटिंगचा पीक आकडा ठेवायचाच असेल तर वेगळ्या रकान्यात ठेवा, भरात असताना माणूस किती भयंकर होता हे कळायला तो छान आहे, नुसता क्रम त्यावर लावू नका.

आणि यादीत यायला कमीत कमी किती इनिंगची अट ठेवायची ते आधी ठरवा, नंतर ठरवलं की आपण नकळत आपल्या माणसाला आत घेतो. मी ४० इनिंग ठेवलीय. त्यात वेस्ट इंडिजचा जॉर्ज हेडली बरोबर ४० ला आत येतो, ग्रॅम पोलॉक ४१ ला, दोघंही साठच्या वर ॲव्हरेजवाले, त्यामुळे बरं वाटतं. बॅरी रिचर्ड्स चार टेस्टवर बाहेर, आणि विजय मर्चंट १० टेस्ट, १८ इनिंग, ४७.७२, तो पण बाहेर. महायुद्धाने त्याची ऐन भरातली वर्षं खाल्ली आणि यातल्या कुठल्याच आकड्यात ते येत नाही. त्याच्यापुढे मी फर्स्ट क्लासचं ७१.६४ लिहून ठेवलंय, क्रमांकाचा रकाना रिकामा आहे.