८० मायक्रॉन, १२५ की २५०? कोकणात लॅमिनेशन करून घेताना

झेरॉक्सच्या दुकानात ‘लॅमिनेशन करून द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी न विचारता १२५ मायक्रॉनचं पाऊच, म्हणजे कागद आत घालायची दोन पदरी प्लास्टिक फिल्म, मशीनमध्ये जातं. निम्म्याहून जास्त कामांना ते चालतंही. उरलेल्या कामांसाठी मात्र आधी विचार केलेला बरा, कारण एकदा चिकटलेली फिल्म कागद न फाडता निघत नाही.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाकिटावरचा आकडा एका बाजूच्या फिल्मचा असतो. साधा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण ०.१ मिमी जाड धरला, तर ८०च्या पाऊचमध्ये तो पाव मिलिमीटरच्या आसपास जातो, १२५मध्ये ०.३५ आणि २५०मध्ये ०.६. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, त्यावरून अंदाज यावा.

आपल्याकडे जाड फिल्म मागतात ती पावसाच्या भीतीने. पण पाणी फिल्ममधून शिरत नाही, कडेने शिरतं. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिमी आणि त्याचं पाऊच साधारण २१६ बाय ३०३, म्हणजे चारही बाजूंना ३ मिमी फिल्म एकमेकीला चिकटते. सगळा बंदोबस्त त्या पट्टीत आहे. दुकानदार नीटनेटकं दिसावं म्हणून ती पट्टी कागदाला लागून कापतो, आणि मग २५० मायक्रॉनही कामाचं राहत नाही. जुलैपर्यंत कडेला पांढरट रेघ दिसू लागते, कागद ओल ओढतो, तांबूस डाग आत सरकत जातो आणि शेवटी फिल्मचे दोन पदर नखाने सुटे होतात. न कापलेलं ८०चं पाऊच कापलेल्या २५०पेक्षा जास्त पावसाळे काढेल. कापायचंच असेल तर निदान २-३ मिमी सोडायला सांगा.

कागद कोरडा असणं तितकंच महत्त्वाचं. दमट हवेत पडून राहिलेला कागद गरम रोलरमधून गेला की आतली ओल वाफ होऊन फुगे धरते. लेझर प्रिंट मशीनमधून गरम बाहेर येतो, तो लगेच लॅमिनेट करावा. इंकजेटचा असेल तर शाई पूर्ण वाळू द्यावी.

आता जाडीकडे. ती ठरवायची कागद कसा हाताळला जाणार यावरून.

गणपतीतल्या आरत्यांचे कागद घ्या. एक कागद तिघं-चौघं मिळून धरतात, हाताला कुंकू आणि तूप असतं, जवळ निरांजन. इथे ८० आणि १२५ अशी खरी निवड आहे. ८०चा कागद हलका, पोथीच्या पिशवीत सहज मावतो, किंचित वाकतो. पण एका हाताने वर धरला की मान टाकतो. १२५ ताठ राहतो. मी १२५ घेईन, आणि मिळालं तर मॅट. चकचकीत फिल्मवर पडवीतल्या ट्यूबलाइटची तिरीप पडते आणि नेमकी वाचायची ओळ दिसेनाशी होते. घरच्या वयस्कर माणसांना हा फरक लगेच जाणवतो. पानं फाइलला लावून बाड करायचं असेल तरच ८०.

मालवण-तारकर्लीकडच्या खानावळीच्या मेनूकार्डाचं गणित वेगळं. ते दिवसभर ओल्या फडक्याने पुसलं जातं, त्यावर सोलकढी सांडते, पोरं ते दुमडायला बघतात. १२५चं कार्ड हंगामभर टिकतं, पण कोपरे लवकर मऊ पडतात. २५०चं ताठ उभं राहतं. जोर लावून वाकवलं तर मात्र पांढरी घडी पडते, ती जात नाही. खर्चही जास्त. शिवाय सुरमई-पापलेटचा भाव रोज हलतो, मग महागडं कार्ड बदलायचं किती वेळा? भावाचा रकाना छापताना कोरा ठेवा, चकचकीत २५० करून घ्या आणि रोज व्हाइटबोर्ड मार्करने भाव लिहा. रात्री कोरड्या कापडाने निघतो. मॅटवर हे करू नका, शाईचा डाग राहतो. आणि २५०चे कोपरे गोल कापून घ्या, हाताला टोचतात. लहान मुलांच्या वाचनकार्डांना तर हे हवंच.

२५० मागण्याआधी मशीन विचारा. लहान मशीन पुष्कळदा १२५पर्यंतच्याच पाऊचसाठी असतं. त्यात जाड पाऊच घातलं तर डिंक पुरता वितळत नाही, आत धुरकट दिसतं आणि कडा कच्च्या राहतात. उलट जाड पाऊचसाठी तापवलेल्या मशीनमध्ये ८०चं पाऊच लाटा धरतं.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळापत्रकासारखं काही उघड्या भिंतीवर लावायचं असेल तर मायक्रॉनच्या हिशेबात पडूच नये. तिथे शत्रू ऊन. साधी फिल्म छपाईचा रंग उडणं थांबवत नाही. विनाइलवर, म्हणजे प्लास्टिकच्या चिकट शीटवर, छापून वर कोल्ड लॅमिनेशन (न तापवता चिकटवायची फिल्म) घ्यावं. पडवीत किंवा काउंटरमागे टांगायचं असेल तर १२५ पुरे, फक्त भोक थेट कागदातून पाडू नये, तिथूनच ओल शिरते. आधी कागदाला मोठं भोक पाडा, लॅमिनेट करा, मग त्याच्या मधोमध लहान भोक पाडा. दोरी फिल्ममधून जाते, कागद बंद राहतो.

जन्मदाखला, गुणपत्रिका, जुनं खरेदीखत यांच्या मूळ प्रती कुठल्याच मायक्रॉनमध्ये घालू नका. लॅमिनेशन झेरॉक्सचं करा आणि मूळ प्रत कोरड्या फाइलमध्ये ठेवा. एटीएम किंवा दुकानाच्या मशीनमधून निघणारी थर्मल पावती तर रोलरच्या उष्णतेने काळी पडते. जपायची असेल तर आधी तिची झेरॉक्स काढा.