खारपाणपट्ट्यात गहू कोणता, लोकवन की बन्सी?

दर्यापूरकडच्या आमच्या वावरात बोअरचं खारं पाणी दिलं की सरीच्या कडेला मिठाचा पांढरा थर चढतो. बन्सीची जुनी पानं शेंड्याकडून करपतात. लोकवन बराच तग धरतो. फरक बियाण्यातच आहे. लोकवनात ४२ गुणसूत्रं, बन्सीत २८. 'डी' नावाचा गुणसूत्रांचा संच बन्सीत नाहीच. त्याच संचातलं एचकेटी नावाचं एक जनुक मुळातून वर चढणारं सोडियम वाटेतच काढून घेतं, पानांपर्यंत फारसं पोचू देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गव्हाच्या एका जुन्या भाऊबंदाकडून तसंच जनुक बन्सीच्या जातकुळीत आणलं. २०१२ च्या निकालात खारट शेतातला उतारा २५ टक्क्यांपर्यंत वाढला. आपल्याकडे तसा वाण हाती येईपर्यंत खाऱ्या पाण्यावर मी लोकवनच पेरीन. शेवयांपुरता बन्सी हवाच, पण कोरडवाहू, जमिनीतल्या ओलीवर.