बजरीगरचा पिंजरा कुठे ठेवावा: बाल्कनीत, खिडकीशी की दिव्याखाली?

राळे आणि बाजरीवर वाढलेल्या बजरीगरला, म्हणजे आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटाला, पालेभाजीची किंवा पेलेटची (तयार खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांची) सवय लावायची असेल, तर आधी पिंजऱ्यावरचा उजेड तपासावा. हा पक्षी खाद्य प्रथम डोळ्यांनी पारखतो. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, तर याच्या डोळ्यात चार. त्यांतील एक प्रकार आपल्याला न दिसणारा, सुमारे 370 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील (यूव्ही) प्रकाश टिपतो. युरोपातील रेडविंग पक्ष्यांवरील प्रयोगात, अतिनील प्रकाश असताना त्यांनी मेणाचा पांढुरका थर शाबूत असलेली बिलबेरी (एक छोटे रानफळ) पसंत केली. तो प्रकाश काढून घेताच ही आवड उरली नाही.

घरातला साधा पांढरा एलईडी दिवा इथे सर्वांत कमी पडतो, कारण त्यात अतिनील भाग जवळजवळ नसतोच. त्यातच उजेड मंद असेल, तर शंकुपेशींचे काम आणखी मंदावते. वाटीत वर रिकामी फोलपटे साचलेली असतात आणि खालचे दाणे झाकले जातात. अशा उजेडात अनोळखी पेलेटकडे पक्षी फिरकत नाही, याचे नवल वाटू नये.

खिडकीची काच सगळाच अतिनील प्रकाश अडवते, असा एक गैरसमज आहे. साधी पारदर्शक काच ‘ड’ जीवनसत्त्वासाठी लागणारे यूव्हीबी हे अतिनील किरण अडवते, परंतु रंग पाहण्यास उपयोगी पडणारे यूव्हीए हे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते. त्यामुळे नवे खाद्य दाखवायला खिडकीशेजारची जागा पुरेशी आहे. मात्र काच लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असेल किंवा तिच्यावर ऊन रोखणारी फिल्म लावली असेल, तर हा फायदा बहुतांशी जातो.

माझ्या मते जाळी लावलेली बाल्कनी सर्वांत सरस. सकाळी पक्षी भुकेला असताना, कोवळ्या उन्हात कोथिंबिरीची ओली काडी टांगावी. अर्धा पिंजरा सावलीत राहील आणि मांजर, कावळा यांचा वावर नसेल, एवढे पाहावे.

पक्ष्यांसाठीचा यूव्ही दिवा अंधाऱ्या फ्लॅटमध्ये, किंवा कोकणातल्या पावसाळ्यात बाल्कनी बंद ठेवावी लागते तेव्हा, घेण्याजोगा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा प्रखर दिवा मात्र आणू नये. दिवा पिंजऱ्याच्या वर, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर बसवावा, कारण बाजूने येणारा झोत थेट डोळ्यांवर पडतो. नळीच्या प्रकारात दिवा पेटता दिसत असला तरी त्यातील अतिनील प्रकाश हळूहळू घटत जातो, म्हणून ती बदलण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.