लाल नावांची यादी आणि पुढचे काम: विद्यार्थी-साहाय्य प्रणालीचा एका मेंटॉरने घेतलेला आढावा

महाविद्यालयांतील गळती रोखण्यासाठी विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर प्रणालींचा साचा आता बहुतेक ठरून गेला आहे. हजेरी, अंतर्गत परीक्षांचे गुण, ऑनलाइन वर्गातील लॉगिन आणि थकलेली फी ही माहिती एका ठिकाणी ओढून घ्यायची, तिच्यावरून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग लावायचा आणि लाल नावांची यादी मेंटॉरच्या स्क्रीनवर आणून ठेवायची. आमच्या महाविद्यालयाने घेतलेली प्रणाली याच जातीची आहे. खरेदी समितीत मी नव्हते. हा अभिप्राय ती प्रणाली रोज हाताळणाऱ्या मेंटॉरचा आहे.

आधी तिची जमेची बाजू. हजेरी कार्यालयाकडे, गुण विभागाकडे आणि फीची थकबाकी लेखा शाखेकडे अशी माहिती विखुरलेली असते, तेव्हा एखादा विद्यार्थी हातातून निसटत चालला आहे हे सत्राचा निकाल लागेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही. या प्रणालीमुळे ते सत्राच्या सुरुवातीलाच दिसते. तीनशे नावांमधून आज कोणाला फोन करायचा, या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर मिळते आणि सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाच सगळा वेळ जाण्याची जुनी खोड कमी होते. एवढ्यासाठी मी तिला मनापासून चांगले गुण देईन.

यादी उघडून एखाद्या नावावर क्लिक केले की मात्र चित्र बदलते. विद्यार्थ्याच्या पानावर ‘संपर्क’ या शीर्षकाखाली फोन, ईमेल, प्रत्यक्ष भेट आणि प्रतिसाद नाही असे चार पर्याय येतात, खाली टिपण्णीची चौकट असते आणि यांपैकी एक पर्याय निवडल्याशिवाय त्या लाल नावाची सूचना बंद होत नाही. ती टिपण्णी विभागातील सर्व प्राध्यापकांना वाचता येते. त्यामुळे घरातील भांडण, आजारपण किंवा पैशांची ओढाताण यांबद्दल विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणताही शहाणा मेंटॉर तिथे लिहीत नाही. तो ‘वैयक्तिक कारण’ एवढे दोन शब्द टाकून मोकळा होतो. परिणामी महिनाअखेरच्या अहवालात किती सूचना ‘निकाली’ निघाल्या याचा सुबक आलेख मिळतो, पण त्यांपैकी कोणत्या मुलाचे काय झाले हे मेंटॉरच्या वहीतच राहते.

याहून गंभीर दोष आपोआप जाणाऱ्या संदेशांचा आहे. रंग लाल झाला की ‘आम्हाला तुमच्या प्रगतीची काळजी वाटते’ असा मजकूर मेंटॉरच्या नावाने आणि सहीने जातो, तोही मेंटॉरला न कळवता. माझ्या नावाने गेलेल्या अशा एका संदेशाला एका विद्यार्थिनीने ‘मॅडम, उद्या भेटायला येऊ का?’ असे उत्तर पाठवले होते. ते उत्तर कोणीही न वाचणाऱ्या पत्त्यावर जाऊन पडले आणि पुढे समोरासमोर गाठ पडली तेव्हा, विचारूनही मॅडमनी उत्तर दिले नाही, अशी तिची समजूत झालेली होती. काळजी व्यक्त करण्याचे काम यंत्रावर सोपवायचे असेल तर निदान सही तरी यंत्राचीच असावी, असे आम्ही कंपनीला कळवले. ती सोय अजून आलेली नाही.

रंगांवर किती विसंबायचे, हाही प्रश्न आहे. फोन बिघडल्यामुळे लॉगिन बंद झालेला मुलगा लाल दिसतो आणि नियमित हजर राहून उत्तम गुण मिळवणारी, पण घरची जबाबदारी अंगावर पडल्याने शिक्षण सोडायच्या बेतात असलेली मुलगी शेवटच्या दिवसापर्यंत हिरवी राहते. प्रणालीला खुणा दिसतात, कारण दिसत नाही. शिवाय खुणा कोणत्या निवडायच्या हेही माणसेच ठरवतात. अशाच प्रकारच्या एका प्रणालीत वंश हा धोक्याचा निर्देशक म्हणून वापरला जात असल्याचे अमेरिकेत २०२१ साली पत्रकारांनी उघडकीस आणले होते. तेथील काही विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थी ‘उच्च धोका’ गटात श्वेतवर्णीयांच्या कित्येक पट अधिक प्रमाणात पडत होते. म्हणून आपल्या प्रणालीत नेमके कोणते निर्देशक आहेत, याची लेखी यादी विक्रेत्याकडून मागून घ्यावी.

विक्रीच्या सादरीकरणात अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे उदाहरण हमखास येते आणि ते खोटे नाही. २०१२ पासून त्या विद्यापीठाने आठशेहून अधिक निर्देशकांवर आधारलेली सूचना-प्रणाली वापरली आणि पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढवले. मात्र त्याच सुमारास त्यांनी ४२ नवे सल्लागार नेमले, ही गोष्ट सादरीकरणात बारीक अक्षरांत असते. थोड्याशा थकबाकीमुळे नाव कमी होण्याची वेळ आलेल्या विद्यार्थ्यांना ते छोटी अनुदानेही देतात. थकबाकीदार शोधणे संगणकाचे काम खरे. पैसे द्यायचे की नाव काढायचे, हा निर्णय तिथे माणसांनी घेतला.

उलट दिशेचा, म्हणजे भर यंत्राऐवजी माणसांवर दिल्याचा पुरावा न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठातील २००७ साली सुरू झालेल्या ‘एसॅप’ या कार्यक्रमाचा आहे. त्यात एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी असत, भेटी सक्तीच्या होत्या, पाठ्यपुस्तके आणि प्रवासाचा खर्च मिळत असे. विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून झालेल्या अभ्यासात तीन वर्षांनंतर पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण या गटात ४० टक्के, तर इतरांत २२ टक्के आढळले. आमच्याकडे एका मेंटॉरमागे तीनशे विद्यार्थी आहेत.

आकडे ऐकतानाही जरा सावध असावे. अमेरिकेतीलच पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘कोर्स सिग्नल्स’ या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांच्या प्रणालीने विद्यार्थी टिकण्याचे प्रमाण वाढल्याचा दावा केला होता. २०१३ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले की जे विद्यार्थी मुळातच टिकले त्यांना ही प्रणाली वापरणारे अभ्यासक्रम जास्त वेळा घेता आले, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली असावी.

प्रणालीसोबत मिळालेला चॅटबॉट मात्र मला अपेक्षेपेक्षा उपयुक्त वाटला. अर्जाची मुदत कधी संपते, दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, पुनर्परीक्षेचे शुल्क कुठे भरायचे, असे प्रश्न मुले रात्री उशिरा विचारतात आणि ‘एवढेही माहीत नाही का’ हा चेहरा समोर नसल्यामुळे मोकळेपणाने विचारतात. जॉर्जिया स्टेटने २०१६ मध्ये प्रवेश निश्चित झालेल्या विद्यार्थ्यांसाठी असाच बॉट सुरू केला तेव्हा प्रवेश घेऊनही न येणाऱ्यांची संख्या सुमारे एक पंचमांशाने घटली होती. आमच्या बॉटची मर्यादा अशी की ‘मला आता शिकावेसे वाटत नाही’ या वाक्यालाही तो वेळापत्रकाची लिंक पाठवतो. असे वाक्य आले की ते तत्काळ माणसाकडे वळवण्याची सोय नसलेला बॉट कोणीही घेऊ नये.

एकंदरीत, प्रत्येक सूचनेमागे कोणाचा तरी अर्धा तास लागतो, हे गृहीत धरूनच ही प्रणाली विकत घ्यावी. मेंटॉर वाढवायचे नाहीत म्हणून जे महाविद्यालय ती घेईल त्याच्या हाती न उघडलेल्या सूचनांचा ढीग तेवढा पडेल. मेंटॉरमागची विद्यार्थिसंख्या निम्म्यावर आणता येत असेल तर हा खर्च सार्थ आहे. नूतनीकरणाच्या वेळी मी तीन अटींसह होकार देणार आहे: टिपण्णी कोणी वाचावी हे मेंटॉरने ठरवावे, मेंटॉरच्या नावाने जाणारा प्रत्येक संदेश आधी त्याला दिसावा आणि करार संपल्यावर सर्व नोंदी साध्या फाइलमध्ये परत मिळाव्यात. सध्याच्या करारात शेवटच्या अटीचा उल्लेखही नाही, तेव्हा नव्याने घेणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी ते कलम आवर्जून शोधावे.